नोंदणी अयशस्वी

बोरसांगवी जिल्हा झाला त्या वर्षी जुन्या जिल्ह्याबरोबर वाटण्या झाल्या. वैद्यकीय महाविद्यालय तिकडं राहिलं, धरण तिकडं राहिलं, विमानतळाची नियोजित जागासुद्धा तिकडंच राहिली. तिच्यावर तूर उभी होती, पण ती तूर त्यांची. बोरसांगवीच्या वाट्याला एक तुरुंग आला आणि एक यंत्र. तुरुंग पंधरा दिवसांत भरला. यंत्राला इमारत नव्हती, म्हणून ते दोन वर्षं बाजार समितीच्या गोदामात ताडपत्रीखाली बसून राहिलं आणि हमाल त्याच्यावर डबे सोडून जेवत राहिले.

यंत्राचं नाव समग्र. डोक्यातल्या आणि मानेतल्या गाठी शोधणं हे त्याचं काम. ते नेमकं काय करतं हे वैजनाथ ढोबळेला मुबीन तांबोळीनं बटर पेपरवर समजावून सांगितलं होतं. यंत्र दवाखान्यात बसलं तेव्हापासून मुबीन ते चालवायचा, कंत्राटी. वैजनाथ केसपेपरच्या खिडकीवर बसायचा, कायम. दोघं दुपारचा डबा एकत्र खायचे, आणि मुबीनच्या डब्यातल्या भाकरीखालचा बटर पेपर विज्ञानाच्या कामी यायचा.

"हे बघ," मुबीननं पहिल्या कागदावर जबडा काढला. "हे सीटी. ह्याला हाडं दिसतात, मांस धड दिसत नाही." दुसऱ्या कागदावर जीभ, घसा, स्वरयंत्र. "हे एमआरआय. ह्याला मांस दिसतं, पण सूज कुठली आणि गाठ कुठली ते कळत नाही." तिसऱ्या कागदावर त्यानं नुसतेच चार ठिपके काढले. "हे पेट. आधी माणसाला किंचित किरणोत्सारी साखर टोचायची. गाठ हावरट असते, साखर ओढून घेते, तिथं ठिपका पेटतो. पण तो ठिपका नाकात आहे का घशात आहे हे एकट्या पेटला नीट सांगता येत नाही."

"म्हणजे तिघंही अर्धवट."

"तिघंही अर्धवट. म्हणून हे करायचं." मुबीननं तिन्ही कागद एकावर एक ठेवले, सरकवले, जबड्याला जबडा लावला आणि खिडकीच्या उजेडात धरले. ठिपका बरोबर स्वरयंत्राच्या डाव्या पट्टीवर बसला. "कागद बसला की गाठ सापडली. मोहरीएवढी असली तरी. आणि कागद नाही बसला तर समग्र तोंड उघडत नाही. चुकीचं सांगण्यापेक्षा गप्प बसतं. शहाणं यंत्र आहे."

मोहरीएवढी गाठ सापडायला लागल्यावर व्हायचं ते झालं. सुट्या चित्रांवरचा डॉक्टरांचा विश्वास उडाला. मग तसा नियमच आला: एकेकटं चित्र पाहून कुणी निदान करू नये, तुकडा काढायची सुई टोचू नये, रुग्णाला घाबरवू नये. तिन्ही चित्रं एक झाली तरच अहवाल, अहवाल आला तरच डॉक्टर. नियम चांगला होता. त्यानं पुष्कळांचे गळे वाचले.

त्याच सुमारास दुसरा एक चांगला नियम आला. सरकारी दवाखान्यातलं प्रत्येक यंत्र मराठीतच बोलेल. यंत्रांचे हजारभर संदेश मराठीत आणायला सात जणांची समिती नेमली गेली. तिच्यात दोन निवृत्त प्राचार्य होते, एक ग्रंथपाल, एक निवेदक आणि बाकीचे सचिव. एक क्ष-किरण तज्ज्ञही बोलावले होते, पण त्यांच्या पहिल्याच टिपणात ऱ्हस्व-दीर्घाच्या एकवीस चुका निघाल्यानं त्यांना आभार मानून परत पाठवलं. समितीनं थंड हवेच्या ठिकाणी बसून अकरा दिवसांत काम उरकलं.

यंत्र रोज सकाळी तपासायला माणसाच्या डोक्याच्या आकाराचा एक प्लास्टिकचा गोळा असतो, इंग्रजीत त्याला फँटम म्हणतात. समितीनं त्याचं भूत केलं. त्यामुळं मुबीन रोज आठ वाजता वहीत लिहायचा, 'भूत आत ठेवले. भूत ठीक आहे. भूत बाहेर काढले.' चित्रात दाणे दिसायला लागले की इंग्रजीत नॉइज म्हणतात. समग्र म्हणायचं, 'प्रतिमेत गोंगाट आहे,' आणि रखवालदार बाहेर जाऊन बाकावरच्या म्हाताऱ्यांना दम द्यायचा. एका बाईच्या दातातल्या चांदीमुळं चित्रावर रेघा उमटल्या, इंग्रजीत त्याला आर्टिफॅक्ट म्हणतात, तर 'पुरावशेष आढळला' असा संदेश आला आणि कार्यालयानं नियमाप्रमाणं पुरातत्त्व खात्याला कळवलं. खात्यानं माणूस पाठवला. तो बाईच्या तोंडात बघून, सही करून गेला.

बोरसांगवी हसून हसून लोळली. पण ह्या शब्दांनी कुणाचंही वाईट केलं नाही. वाईट केलं ते ज्याच्यावर कुणालाच हसू आलं नाही अशा एका शब्दानं.

वैजनाथला शब्दांचं वेड होतं. चुकीचं नाव दिसलं की त्याला घास उतरत नसे. लोक खिडकीवर खोकत उभे असायचे आणि तो विचारायचा, "सुलाबाई का सुल्लाबाई?" ही शिस्त त्याला दाजींच्या घरात लागली होती. आई गेली तेव्हा तो आठ वर्षांचा होता. अक्कानं, म्हणजे थोरल्या बहिणीनं, लग्न होऊन जाताना त्याला बरोबर नेलं होतं, आणि दाजींनी बायकोबरोबर आलेला हा मेव्हणा बारावीपर्यंत सांभाळला होता.

दाजी म्हणजे उत्तरेश्वर कानडे, बोरसांगवी बसस्थानकाचे वाहतूक नियंत्रक. बाकी सगळ्या स्थानकांवर गाड्या पुकारायला संगणक आला होता. बोरसांगवीतही आला, पण त्यानं पहिल्याच दिवशी 'हगदळ'ची गाडी पुकारताना असा काही उच्चार केला, की प्रवाशांनी मोर्चा काढला. तेव्हापासून माइक परत दाजींकडं. एका दमात बेचाळीस गावं, तीही थांब्यांच्या क्रमानं, आणि मध्येच ओळखीचं कुणी दिसलं तर, "बेलवाडीच्या सरपंचांनी केळीची सालं फलाटावर टाकू नयेत." गावातल्या लोकांनी घड्याळं लावायची ती ह्या आवाजावर.

फेब्रुवारीत हा आवाज वैजनाथच्या खिडकीशी आला तेव्हा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा येत होता.

"मेव्हणे, तिकीट मिळेल का?"

"दाजी, आवाजाला काय झालं?"

"दिवाळीपासून बसलाय. उठायचं नावच घेईना. तालुक्याच्या डॉक्टरनं चिठ्ठी दिली, म्हणला समग्रमध्ये जा." दाजींनी चिठ्ठी आत सरकवली. "अक्काला सांगू नको. तिला वाटतंय मी वीजबिल भरायला आलोय."

"नाव?"

"आता तू मला नाव विचारणार?"

"विचारावं लागतं. नियम आहे."

"तुझ्या अक्काला विचार. तोंडानं घेत नाही, पण माहीत आहे तिला."

वैजनाथ हसला आणि त्यानं रांगेतल्या चौदा जणांना डावलून दाजींना पुढं घातलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं ओळखीचा माणूस पुढं घेतला. दाजींनी मागं वळून रांगेची माफी मागितली. "गाडी थोडी आधी सोडतोय," असं म्हणाले.

चाळीस मिनिटांनी मुबीन कागद घेऊन आला. समग्रनं दिलेला संदेश त्यावर छापला होता: 'नोंदणी अयशस्वी.' खाली कार्यवाहीचा रकाना, समितीनंच भरलेला: 'नोंदणी पुन्हा करावी. जबाबदारी: नोंदणी कक्ष.'

नोंदणी कक्ष म्हणजे वैजनाथ. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याच्या नोंदणीत चूक, आणि तीही दाजींच्या. त्यानं सगळी कागदपत्रं टेबलावर पसरली, आणि त्याला ती सापडली. ओळखपत्रावर 'उत्रेश्वर'. शिधापत्रिकेवर 'उत्तरेश्वर'. शाळेच्या दाखल्यावर 'उतरेश्वर'.

"दाजी, तुम्ही तीन माणसं आहात."

"एकच असतो तर तुझ्या अक्कानं कधीच हाकललं असतं." दाजी खोकले. "आता काय करायचं?"

"प्रतिज्ञापत्र करायचं. मग राजपत्रात नाव छापून आणायचं. एकदा का नाव पक्कं झालं की यंत्राची काय बिशाद."

"एका 'त'साठी?"

"दाजी, यंत्र आहे ते. त्याला 'त' लागतो."

वैजनाथनं स्वतः रजा टाकली, स्वतः हेलपाटे घातले. राजपत्र यायला सात आठवडे लागले. ह्या सात आठवड्यांत दाजींनी बेचाळीस गावांसाठी तीनदा दम घ्यायला सुरुवात केली होती, आणि अक्काला वीजबिलाची थाप कळली होती. तिनं भावाला फोन केला.

"वैजू, ह्यांचं काय आहे ते तू बघायलास ना?"

"मी बघतोय अक्का. माझ्याच हातात आहे सगळं."

"मग मला काळजी नाही," अक्का म्हणाली.

एप्रिलमध्ये दाजी दुसऱ्यांदा यंत्रात गेले. नोंदणी अयशस्वी.

वैजनाथ रात्रभर तळमळला आणि सकाळी त्याला जन्मतारीख सापडली. एक जून. दाजींच्या पिढीतले निम्मे लोक एक जूनला जन्मलेत, कारण पहिलीत नाव घालताना गुरुजी तीच तारीख टाकायचे. शाळा त्याच महिन्यात सुरू व्हायची. दाजींची खरी तारीख कुणालाच माहीत नव्हती. त्यांच्या आईच्या सांगण्याप्रमाणं ते 'पोळ्याच्या आदल्या दिवशी, म्हशीला रेडी झाली त्या साली' जन्मले होते. वैजनाथनं जुनी पंचांगं काढून म्हशीचं साल शोधलं. ग्रामपंचायतीचा दाखला मिळवला. खुद्द दाजी आता हसताना छातीला हात लावत होते.

"बावन्न वर्षं चुकीच्या तारखेला म्हातारा होत होतो," ते म्हणाले. "बरं झालं सांगितलंस. अडीच महिन्यांनी लहान झालो."

सदऱ्याचं वरचं बटण त्यांनी उघडं ठेवलं होतं. ते लागत नव्हतं. वैजनाथनं ते पाहिलं आणि त्याला वाटलं, उन्हाळा आहे.

एक मेला झेंडावंदनानंतर 'बिनचूक नोंदणी'चं प्रशस्तिपत्र वैजनाथला मिळालं. साडेचार महिन्यांत एकतीस रुग्णांच्या अयशस्वी नोंदण्या त्यानं चिकाटीनं दुरुस्त केल्या, असं निवेदकानं वाचून दाखवलं. निवेदक तोच होता, समितीतला. दाजी पहिल्या रांगेत होते. त्यांना शिट्टी वाजवायची होती. ओठ मुडपले, हवा निघाली, शिट्टी निघाली नाही. मग त्यांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांच्या थांबल्यावरही वाजवत राहिले.

जूनमध्ये तिसरी खेप. दाजी आता पाणी पिताना मान एका बाजूला कलती करायचे आणि भाकरी दुधात भिजवून घ्यायचे. खिडकीवरच्या कॅमेऱ्यासमोर ते उभे राहिले आणि पडद्यावर लाल अक्षरं आली: 'छायाचित्र जुळत नाही.'

"बघा," वैजनाथ खुर्चीतून उठलाच. "हे आहे कारण. फेब्रुवारीतला फोटो आणि आत्ताचं तोंड. गाल आत गेलेत. इथं डावीकडं मान भरलीय. यंत्र म्हणणारच ना, हा माणूस तो नाही."

"तू ओळखतोस ना पण?" दाजी म्हणाले. म्हणाले म्हणजे ओठ हलले आणि वाफ निघावी तसं काहीतरी निघालं.

"मी ओळखून काय उपयोग, दाजी." त्यानं नवा फोटो काढला. जुना पुसला. कळ दाबली. 'छायाचित्र जुळले.' "झालं. आता कुणाच्या बापाला हरकत घेता येणार नाही."

नोंदणी अयशस्वी.

त्यानंतरच्या गुरुवारी डॉक्टर करुणा ओव्हाळ खिडकीवर आल्या. डोक्या-मानेच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या. जुन्या जिल्ह्याहून आठवड्यातून एकदा यायच्या, अहवाल आलेले रुग्ण बघायच्या आणि जायच्या. खिडकीवर त्या कधी आल्या नव्हत्या.

"ढोबळे, तालुक्यांवरून महिन्याला वीस-बावीस चिठ्ठ्या येतात. माझ्यापर्यंत चौदा-पंधराच माणसं पोचतात. बाकीची कुठं जातात?"

"माझ्याकडं, मॅडम," वैजनाथ अभिमानानं म्हणाला. "नोंदणी अयशस्वी झाली की माझ्याकडं येतात. मी दुरुस्त करतो. ही फाइल."

"कसली नोंदणी?"

"रुग्णाची. नाव, जन्मतारीख, फोटो."

"समग्र सांगतं नाव चुकलंय म्हणून?"

"हो. हा बघा कागद."

डॉक्टरांनी कागद वाचला. मग उलटून मागची कोरी बाजू वाचली. मग त्यांनी मुबीनला हाक मारली आणि विचारलं, यंत्राचं मूळ पुस्तक कुठंय. मूळ पुस्तक इंग्रजीत असल्यामुळं कुलूपबंद होतं. किल्ली अधीक्षकांकडं होती, अधीक्षक बैठकीला होते. मग डॉक्टर रांगेतल्या बाकावर, एका म्हाताऱ्याशेजारी बसल्या आणि अगदी हळू बोलल्या.

"ढोबळे, तीन चित्रं एकावर एक बसवणं, जबड्याला जबडा, श्वासनळीला श्वासनळी, ह्याला आमच्या धंद्यात इंग्रजीत रजिस्ट्रेशन म्हणतात."

वैजनाथला कळायला वेळ लागला नाही. त्याला सगळं माहीत होतं. भाकरीखालच्या कागदावर त्यानं ते उजेडात धरून पाहिलं होतं. फक्त मुबीन त्याला 'कागद बसणं' म्हणायचा आणि समग्र 'नोंदणी' म्हणायचं, एवढाच फरक. आणि दोन्ही एकच हे मुबीनलाही कुणी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे कागद बसत नव्हता," तो म्हणाला.

"बसत नव्हता. पहिल्यांदा बहुतेक रुग्ण हलतो. खोकतो, आवंढा गिळतो. त्याला पाणी पाजायचं, मान उशीत नीट धरायची आणि परत आत घालायचं. दहा मिनिटांचं काम असतं." त्यांनी फाइल चाळायला घेतली. "दुसऱ्या खेपेपासून यंत्र हाडांचं जुनंच चित्र वापरतं, उगाच क्ष-किरण नकोत म्हणून. त्या जुन्या चित्रावर नवं मांस बसवायला जातं. मधल्या काळात गाठ वाढली असेल, श्वासनळी सरकली असेल, माणूस वाळला असेल तर बसत नाही. यंत्र सांगत होतं की हा माणूस आतून बदललाय. ह्याच्याकडं बघा." फाइलमध्ये त्यांचं बोट थांबलं. "हे कानडे कोण? तीन वेळा?"

"माझे दाजी," वैजनाथ म्हणाला.

शेजारच्या म्हाताऱ्याला एवढंच कळलं की काहीतरी नोंदणीचं आहे. त्यानं पिशवीतून आपली सगळी कागदपत्रं काढून वैजनाथपुढं धरली. "माझं नाव बरोबर आहे का बघा बरं, साहेब."

दाजींना त्याच दिवशी बोलावलं. डॉक्टरांनी नियम मोडून तिन्ही चित्रं सुटी मागवली. मोडायला फार वेळ लागला नाही. आतली खोली बंद होती. वैजनाथ बाहेर उभा होता आणि दाराच्या काचेतून त्याला अक्काचा पदर दिसत होता, हलत नव्हता. बाहेर आल्यावर डॉक्टर त्याला म्हणाल्या, "फेब्रुवारीत स्वरयंत्राच्या डाव्या पट्टीवर असणार, मसुराएवढी. सहा-सात आठवडे किरण दिले असते, आवाज राहिला असता. आता स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. मानेतल्या गाठीही. जीव वाचेल असं वाटतं."

"त्यांना सांगितलं का? असं का झालं ते?"

डॉक्टरांनी त्याच्याकडं पाहिलं. "रुग्णानं विचारलं तर मी खरं सांगते," एवढं बोलून त्या पुढच्या खोलीत गेल्या.

अक्का बाहेर आली. ती वैजनाथशी काही बोलली नाही, पण तशी ती त्या दिवशी कुणाशीच बोलत नव्हती. दाजींनी जाता जाता त्याच्या खांद्यावर थाप मारली, नेहमीसारखी. त्यावरून वैजनाथनं ठरवलं की दाजींनी डॉक्टरांना काही विचारलेलं नाही. त्यांना माहीत नाही. आणि सांगायचं तर आपणच सांगायला पाहिजे.

हे ठरवल्यानंतर त्याच्या आयुष्यातले सर्वात कामाचे बारा दिवस सुरू झाले. फाइलमधले बाकीचे शोधायचे होते. मे-जूनचे धरून ते आता चाळीस झाले होते. तो एकेकाला फोन लावायचा. "बोरसांगवी दवाखान्यातून बोलतोय. तुमचं नाव बरोबर होतं. लगेच या." बरेचजण आले. एकानं विचारलं, म्हणजे राजपत्राचं परत करायचं का. एका ठिकाणी फोन सुनेनं उचलला आणि म्हणाली, त्यांचं आज तेरावं आहे, जेवायला या.

चौकशी लागली. समितीनं लेखी उत्तर दिलं, की शब्द कोशाप्रमाणं निर्दोष आहे, मात्र लोकभावना लक्षात घेऊन 'नोंदणी'च्या जागी सर्वत्र 'जुळणी' वाचावं. सर्वत्र म्हणजे सर्वत्र. मंगळवारी रंगारी आला आणि त्यानं वैजनाथच्या खिडकीवरची पाटी पुसून 'जुळणी कक्ष' असं लिहिलं. बुधवारी एक गृहस्थ मुलीची पत्रिका घेऊन आले. शिक्षण सांगितलं, उंची सांगितली, गोत्रापर्यंत आले तेव्हा वैजनाथनं खिडकी लावून घेतली.

रोज संध्याकाळी तो दाजींच्या घराकडं निघायचा आणि रोज बसस्थानकापाशी वळायचा. वाक्य तयार होतं. 'दाजी, तुम्हाला तीनदा परत पाठवलं ते मी.' एवढंच. सात शब्द. पण त्या वाक्यानंतर दाजी बोलणार होते, आणि काय बोलतील ते वैजनाथला ऐकायचं नव्हतं. शिवी दिली तरी नको, असू दे म्हणाले तरी नको. 'असू दे' तर मुळीच नको.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी अक्काचा फोन आला. "सगळे येऊन गेले. तू येणार आहेस ना?"

"येतो. दोन फोन राहिलेत, तेवढे करतो."

त्यानं दोन फोन केले. मग आणखी नऊ केले. मग फाइल संपली, तेव्हा त्यानं पहिल्यापासून सुरू केलं, आणि ज्यांना आधीच सांगितलं होतं त्यांना परत सांगितलं. सहा वाजता तो उठला, पायताण घातलं आणि त्याच्या डोक्यात ती गोष्ट आली. ती त्याला स्वतःलाच इतकी घाण वाटली की तो परत खुर्चीत बसला. पण ती गेली नाही. उद्यानंतर सांगितलं, तर दाजींना काही बोलता येणार नाही.

तो घरी गेला आणि झोपला. झोप चांगली लागली.

शस्त्रक्रिया नीट झाली. पाचव्या दिवशी दाजींना साध्या खाटेवर आणलं. गळ्याच्या खाली एक भोक होतं, त्यातून ते श्वास घेत होते. नाकात अन्नाची नळी होती, मानेभोवती टाके. डॉक्टरांनी फोनातलं एक साधन देऊ केलं होतं, लिहिलेलं माणसाच्या जुन्या आवाजात बोलून दाखवणारं. दाजींच्या आवाजाचे हवे तेवढे नमुने गावात होते. दाजींनी नको म्हणून लिहिलं. मांडीवर साधी लिहायची पाटी होती.

वैजनाथ स्टुलावर बसला. अक्का पलीकडं कापूस गुंडाळत होती. त्यानं तयार वाक्य म्हटलं. मग नोंदणीचं सांगितलं, 'त'चं सांगितलं, म्हशीच्या सालाचं सांगितलं. दहा मिनिटांच्या कामाचंही सांगितलं. आवाज कुठंही फाटला नाही. बारा दिवस पाठ केलेलं होतं.

दाजी ऐकत होते. त्यांनी पाटी उचलली नाही.

"त्यांना माहीत आहे," अक्का म्हणाली. "त्याच दिवशी विचारलं त्यांनी मॅडमला. मॅडमनं सगळं सांगितलं."

वैजनाथनं खाली बघितलं. फरशीवर औषधाचा एक डाग होता.

"आदल्या दिवशी तुझी वाट बघितली," अक्का म्हणाली. ती रागावलेली नव्हती, एखादी यादी वाचावी तसं बोलत होती. "सकाळी सगळ्यांशी बोलून घेतलं. दुपारपासून तोंड मिटलं. म्हणले, आवाज थोडाच उरलाय, तो वैजूसाठी ठेवतो. चहा हवा हे मला सांगायचं तर तेही खुणेनं. आठपर्यंत दाराकडं तोंड करून बसले होते."

"काय बोलणार होते?"

"मला काय माहीत. मी विचारलं. म्हणले, दाजी-मेव्हण्यांतलं आहे, तू नको पडू."

वैजनाथनं दाजींकडं पाहिलं. दाजींनी पाटी घेतली आणि लिहिलं. अक्षर नेहमीचंच, गाड्यांच्या फळ्यावरचं, मोठं आणि सरळ.

'लिहून त्यात मजा नाही.'

आणि पुसून टाकलं.

"दाजी," वैजनाथ म्हणाला. त्याचा आवाज आता फाटला. "शिवी होती ना? शिवीच होती. एवढं तरी सांगा. नका लिहू. नुसती मान हलवा."

"मान हलवायची नाही," अक्का म्हणाली. "टाके आहेत. डॉक्टरनं बजावलंय."

दाजी त्याच्याकडं बघत होते. डोळे शांत होते, जरासे मिश्कीलही असतील, सांगता येत नाही. वैजनाथ स्टुलावरून पुढं झुकून वाट बघत राहिला. तासाभरानं भेटीची वेळ संपली, परिचारिका येऊन त्याला उठा म्हणाली, तोपर्यंत बघत राहिला. दाजींनी डॉक्टरांचं म्हणणं तंतोतंत पाळलं.